हाडावरून वजन: डायनोसॉर किती मोठा होता हे घरबसल्या कसं काढायचं, आणि दोन पुस्तकांत दोन आकडे का असतात

गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला सापडलेल्या राजासॉरस या डायनोसॉरची लांबी एका पुस्तकात ११ मीटर दिली आहे आणि दुसऱ्यात ६.६ मीटर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने ही दोन्ही पानं माझ्यासमोर उघडून ठेवली आणि विचारलं, "मावशी, यातलं खोटं कोणतं?"

दोन्ही आकडे जाणत्या लोकांनी काढलेले आहेत. ११ मीटर हा ग्रेगरी पॉल यांचा २०१० मधला अंदाज आणि ६.६ मीटर हा ग्रिलो आणि डेलकोर्ट या दोघांनी त्यानंतर सहा-सात वर्षांनी काढलेला. खोटं कोणीच बोललं नाही, पण दोन्ही आकडे एकदम खरेही असू शकत नाहीत. हा फरक कुठून येतो हे त्याला तोंडी सांगून पटलं नाही. म्हणून सुट्टीभर आम्ही बडोद्यातच बसून मोजमाप केलं. शिवणाची टेप, दोरा, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मटणाच्या दोन नळ्या, प्लास्टिकचा टी-रेक्स आणि कमाटी बागेतल्या संग्रहालयाच्या दोन फेऱ्या, एवढंच साहित्य लागलं. ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहिते आहे. आठवी-नववीचं पोर असेल तर त्याला सगळं झेपतं. फक्त लॉगचं बटण असलेला कॅल्क्युलेटर हवा, तो मोबाइलमध्ये असतोच.

आधी ठरवा, काय मोजायचं आहे

"किती मोठा?" हा एक प्रश्न नाही. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी वेगळी, कमरेपाशीची उंची वेगळी आणि वजन वेगळं. बातम्यांमध्ये लांबी येते, कारण ती डोळ्यांपुढे उभी राहते. पण तिघींमध्ये सर्वांत बेभरवशाची तीच. शेपूट टोकापर्यंत अखंड सापडलेले डायनोसॉर फार थोडे आहेत. टोकाकडचे मणके बोटाएवढे बारीक होत जातात आणि तेच आधी वाहून जातात. त्यामुळे शेपटीचा शेवटचा भाग बहुतेक वेळा अंदाजानेच जोडलेला असतो. गंमत म्हणजे त्या भागाला वजन जवळजवळ नसतंच. शेपूट दोन मीटरने लांब धरा की आखूड, लांबीचा आकडा बदलतो, पण प्राण्याचं वजन होतं तिथेच राहतं. म्हणून दोन प्राण्यांची तुलना करायची असेल तर शक्यतो वजनाने करा. या लेखात मीही जास्त वेळ वजनालाच देणार आहे.

सापडलं काय, याची यादी करा

वहीच्या डाव्या पानावर त्या प्राण्याची खरोखर सापडलेली हाडं लिहा. उजव्या पानावर न सापडलेली. ही पायरी वगळली तर पुढचं सगळं वाऱ्यावर.

राजासॉरसचंच बघा. त्याची हाडं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ ते १९८४ या काळात रैयोलीत गोळा केली. त्याला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव मिळालं २००३ मध्ये. कवटीचा मेंदूभोवतीचा भाग, पाठीचे आणि शेपटीचे काही मणके, कमरेची हाडं, मागच्या पायांचे काही भाग, एवढं डाव्या पानावर येतं. सलग पूर्ण शेपूट आणि पूर्ण मान उजव्या पानावर. उजवं पान भरायचं तर नातेवाइकांकडून उसनवारी करावी लागते. राजासॉरस अ‍ॅबेलिसॉरिड घराण्यातला. मादागास्करचा माजुंगासॉरस आणि अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस हे त्याचे नातलग बरेच पूर्ण सापडले आहेत. या घराण्याची शरीरयष्टी वेगळी असते, डोकं आखूड, पाय काहींचे फारच बुटके. मोजमाप घराण्याच्या आतच ठेवलं की लांबी कमी भरते. ग्रिलो आणि डेलकोर्ट यांनी तेच केलं.

नातेवाईक बदलला की आकडा कसा बदलतो, हे बडोदेकरांना समजावणं सोपं आहे. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर माणसं विश्वामित्री नदीत डोकावत उभी असतात. पाण्याबाहेर मगरीचं फक्त डोकं दिसतं, तरी कोणीतरी बोलतोच, "बारा फुटी आहे." त्याने मनातल्या मनात गुणाकारच केलेला असतो. मगरीच्या डोक्याच्या साधारण सातपट तिची लांबी असते. डोकं ६० सेंटिमीटर असेल तर मगर ४.२ मीटर, म्हणजे जवळजवळ १४ फुटी. आता हाच सातचा पाढा सुसरीला लावा. सुसरीचा जबडा काठीसारखा लांब, त्यामुळे सातने गुणलं की ती आहे त्यापेक्षा बरीच मोठी भरते. गुणाकारात चूक नाही, नातं चुकीचं जोडलं. डायनोसॉरांच्या बाबतीत हीच चूक होते. तिथे तर पुलाखाली मगर आहे की सुसर, हेच कित्येकदा ठाऊक नसतं.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. एडवर्ड कोप या जीवाश्मशास्त्रज्ञांनी १८७८ मध्ये एका अवाढव्य मणक्याच्या तुकड्याचं वर्णन केलं आणि पुढे तो तुकडाच हरवला. उरलं फक्त वर्णन आणि चित्र. तो डिप्लोडोकसचा नातलग मानून केनेथ कार्पेंटर यांनी २००६ मध्ये लांबी ५८ मीटर काढली. पुढे २०१८ मध्ये त्याच कार्पेंटरांनी तोच मणका रेब्बाकिसॉरिड घराण्यातला ठरवला, त्याला मारापुनिसॉरस हे नवं नाव दिलं आणि लांबी ३० मीटरच्या आसपास आणली. माणूस तोच, चित्रही तेच. नातेवाईक बदलला आणि लांबी जवळजवळ निम्मी झाली. स्वतःचा इतका गाजलेला आकडा स्वतः खाली आणणं मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे असाच एक प्राणी आहे, तमिळनाडूत कल्लमेडूला सापडलेला ब्रुहत्कायोसॉरस. त्याचं वर्णन १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. नडगीचं हाड दोन मीटरचं. पण हाडं खडकातून निघाली तीच भुसभुशीत, आणि पुढे ती ढासळून गेली. आता जुने फोटो आणि जुनी मापं एवढाच आधार आहे. त्यावरून २०२३ मध्ये ११० ते १३० टनांपर्यंतचा अंदाज मांडला गेला. हे खरं असेल तर जमिनीवर चाललेल्या सगळ्यांत तो वजनदार. पण पुन्हा मोजायला हाडच हातात नाही. वहीत अशा प्राण्याच्या नावापुढे मी लाल खूण करायला सांगते.

नळीचा घेर: सगळ्यांत उपयोगाची पायरी

चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचा सगळा भार पुढच्या पायातलं दंडाचं हाड आणि मागच्या पायातलं मांडीचं हाड यांच्यावर येतो. खांब जेवढं ओझं पेलतो तेवढा जाड असावा लागतो. म्हणून हाडाची लांबी नाही, घेर मोजायचा. निकोलस कॅम्पिओने आणि डेव्हिड इव्हान्स यांनी २०१२ मध्ये २४७ जातींच्या चतुष्पाद प्राण्यांची हाडं आणि खरी वजनं ताडून एक सूत्र काढलं. सस्तन आणि सरपटणारे असे दोन्ही त्यात होते. ते असं वापरायचं:

दंडाच्या हाडाचा घेर आणि मांडीच्या हाडाचा घेर मिलिमीटरमध्ये मोजा आणि बेरीज करा. बेरजेचा लॉग काढा. त्याला २.७४९ ने गुणा. त्यातून १.१०४ वजा करा. येईल त्या आकड्याइतका १० चा घात काढा. उत्तर ग्रॅममध्ये येतं.

डायनोसॉरला हात घालण्याआधी हे घरच्या प्राण्यावर करून बघा. आम्ही रविवारी खाटकाला पुढची आणि मागची नळी न तोडता अख्खी मागितली आणि बोकडाचं जिवंत वजन विचारून घेतलं. हाडं उकडून स्वच्छ केली. भाच्याने दोरा गुंडाळायला घेतला तो थेट गुडघ्याजवळ, कारण तिथे हाड पसरट आणि धरायला सोपं. तिथे मोजायचं नाही. हाडाच्या मधल्या दांड्यावर जिथे घेर सगळ्यांत कमी भरतो तिथेच मोजायचं. त्यासाठी दोरा वर-खाली सरकवून तीन-चार ठिकाणी घेर घ्यावा लागतो. शिवणाची टेप बोकडाच्या हाडाला जाड पडते. दोरा गुंडाळून पेनने खूण करा आणि मग पट्टीवर सरळ करून मोजा. पहिल्या खेपेला त्याचा घेर नऊ मिलिमीटरने जास्त आला होता. त्यावरून काढलेलं वजन बघून तो स्वतःच म्हणाला, "एवढा बोकड नसतो गं."

ताळा करायला एक सोपी खूणगाठ ठेवा. बेरीज १०० मिमी आली तर लॉग २, गुणाकार ५.४९८, वजाबाकी ४.३९४, म्हणजे सुमारे २४.८ किलो. बेरीज १००० मिमी आली तर सुमारे १३.९ टन. घेर दहापट झाला तर वजन दहापट नाही, जवळजवळ ५६० पट होतं. याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. घेर मोजताना १० टक्के चूक झाली तर वजनात ३० टक्के चूक होते. दोरा सैल धरला एवढ्यानेही टनांचा फरक पडतो. शिवाय कोट्यवधी वर्षं खडकाखाली दबून चपटं झालेलं हाड असेल तर त्याचा घेर मुळातच बदललेला असतो.

आता बर्लिनच्या संग्रहालयात उभ्या असलेल्या जिराफाटायटनकडे या. यालाच पूर्वी ब्रॅकिओसॉरस म्हणत. त्याची हाडं १९०९ ते १९१३ दरम्यान आजच्या टांझानियातल्या तेंडागुरूहून नेली. दंडाच्या हाडाचा घेर ६५४ मिमी, मांडीच्या हाडाचा ७३० मिमी. बेरीज १३८४. लॉग ३.१४११, गुणाकार ८.६३४९, वजाबाकी ७.५३०९. उत्तर ३४ टन. हीच बेरीज १९८५ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी बसवलेल्या जुन्या सूत्रात घातली तर २९.३ टन येतात. हाडाला हातही न लावता, नुसतं सूत्र बदलून पावणेपाच टनांचा फरक, म्हणजे जवळजवळ एक हत्ती. नवं सूत्र जास्त प्राण्यांवर बेतलेलं आहे म्हणून मी तेच वापरते. तरी त्यातही सरासरी २५ टक्क्यांची चूक असते. म्हणून ३४ टन असं न लिहिता २५ ते ४२ टन असं लिहावं.

दोन पायांवर चालणाऱ्यांसाठी वेगळं सूत्र आहे, कारण सगळा भार मागच्या पायांवरच येतो. फक्त मांडीच्या हाडाचा घेर घ्यायचा, त्याचा लॉग २.७५४ ने गुणायचा आणि ०.६८३ वजा करायचे. कॅनडातला 'स्कॉटी' हा टी-रेक्स घ्या, त्याचा घेर ५९० मिमी. उत्तर सुमारे ८.८७ टन. शिकागोच्या 'सू'चा घेर ५८०, उत्तर ८.४६ टन. जगातला सर्वांत वजनदार टी-रेक्स स्कॉटी, असं छापून आलं ते याच दहा मिलिमीटरवरून. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढं अंतर आणि त्यातून ४०० किलो. सूत्राची स्वतःची चूक याच्या कितीतरी पट आहे. तेव्हा पहिला कोण, दुसरा कोण, हा वाद या मापाने मिटत नाही.

जिथे खांब आणि धड जुळत नाहीत

घेराचं सूत्र आंधळेपणाने वापरलं की काय होतं, ते ड्रेडनॉटसवर दिसलं. अर्जेंटिनातला हा महाकाय प्राणी २०१४ मध्ये जाहीर झाला. घेर ७८५ आणि ९१० मिमी. सूत्राने वजन ५९.३ टन. तुम्हीही करून बघा, तेवढंच येईल. मग २०१५ मध्ये कार्ल बेट्स आणि सहकाऱ्यांनी त्याच सांगाड्याभोवती संगणकात शरीर चढवलं. त्यांना २२ ते ३८ टन मिळाले. ५९ टन भरायचे तर हाडांवर इतकं मांस आणि चरबी थापावी लागते की तसा जिवंत प्राणी आपण आज पाहिलेला नाही.

म्हणजे हाडाची जाडी एक सांगते आणि धडाचा घेर दुसरं. माझ्या मते असा फरक आला की हा प्राणी त्याच्या वजनाच्या मानाने दणकट हाडांचा होता, असं समजून धडाच्या अंदाजाकडे झुकावं. पण दोन्ही आकडे वहीत राहू द्यावेत. आता या दुसऱ्या पद्धतीकडे वळू.

कमाटी बागेतला देवमासा

शरीर चढवायचं म्हणजे काय हे कळण्यासाठी कमाटी बागेतलं संग्रहालय गाठा. सयाजीराव महाराजांनी १८९४ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे ७० फुटी सांगाडा आहे. १९४४ च्या वादळात तो महीच्या मुखाशी वाहून आला होता. लहानपणापासून तो पाहिलेला, पण मोजणाऱ्याच्या नजरेने कधी पाहिला नव्हता.

समोरून उभं राहा आणि बरगड्यांकडे बघा. निळ्या देवमाशाच्या बरगड्यांची फक्त पहिली जोडी छातीच्या हाडाला जोडलेली असते, बाकीच्या खाली मोकळ्या लोंबतात. त्या किती उघडायच्या हे सांगाडा उभा करणाऱ्याने ठरवायचं. थोड्या फाकवल्या तर मासा लठ्ठ, मिटवल्या तर सडपातळ. आता बाजूने या आणि दोन मणक्यांच्या मधल्या फटी बघा. जिवंतपणी तिथे कूर्चेच्या चकत्या असतात, मेल्यावर कुजून जातात. एका फटीत एक सेंटिमीटर इकडे-तिकडे केलं आणि मणके पन्नासच्या वर असले, की अर्धा मीटर लांबी कमी-जास्त झाली. भाचा खाली बसून बराच वेळ मणके मोजत होता. आणि हे झालं अशा प्राण्याचं, ज्याचे भाऊबंद आजही समुद्रात पोहतात आणि ताडून पाहता येतात. डायनोसॉरचं काय ताडणार?

टी-रेक्सच्या पोटालाही बारीक बरगड्यांची जाळी असे. 'सू'च्या सांगाड्यावर ही जाळी बराच काळ चढवलेलीच नव्हती, कारण ती नेमकी कशी बसते हे नक्की नव्हतं. २०१८ मध्ये ती बसवली आणि तोच सांगाडा एकदम पोटाळ दिसू लागला. त्याआधी, २०११ मध्ये, जॉन हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी 'सू'चं शरीर संगणकात उभं केलं तेव्हा कमीत कमी ९.५ टन भरले होते. घेराच्या सूत्रापेक्षा टनभर जास्त, म्हणजे ड्रेडनॉटसच्या बरोबर उलटी गोष्ट.

खेळण्यावरून वजन

हे वाचून पोरखेळ वाटेल, पण १९८० च्या दशकात मॅकनील अलेक्झांडर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी लंडनच्या संग्रहालयात मिळणारी प्लास्टिकची डायनोसॉर-खेळणी पाण्यात बुडवूनच वजनं काढली. त्याआधी १९६२ मध्ये एडविन कोल्बर्ट यांनी छोट्या प्रतिकृती वाळूत ठेवून आकारमान मोजलं होतं. आपल्याला पाणी बरं.

खेळणं अंगाने नीट घडवलेलं घ्या, जत्रेतलं फुगीर नको. पोकळ असेल तर तळव्याचं भोक मेणबत्तीच्या मेणाने बंद करा. वजनकाट्यावर पाण्याने अर्धवट भरलेलं रुंद भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. खेळणं दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा. पूर्ण बुडालं पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. तरंगत असेल तर विणकामाच्या सुईच्या टोकाने दाबून धरा, बोट बुडवू नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर खेळण्याचं आकारमान.

मग प्रमाण काढा. दोरा नाकाच्या टोकापासून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत, वळणं घेत फिरवा. आमचा टी-रेक्स साधारण ३१ सेंटिमीटर भरला. 'सू' १२.३ मीटर, म्हणजे खेळणं चाळीसपट लहान. लांबी चाळीसपट तर आकारमान चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे ६४,००० पट. काट्याने १४० दाखवले. १४० गुणिले ६४,००० म्हणजे ८,९६० लिटर.

भाच्याने आधी दोरा न वापरता पट्टी सरळ धरली होती. शेपूट वाकडी, त्यामुळे २८ सेंटिमीटर आले. प्रमाण ४४ पट, त्याचा घन ८५,१८४ आणि आकारमान जवळजवळ १२,००० लिटर. तीन सेंटिमीटरमुळे प्राणी एक-तृतीयांशाने फुगला. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहून ठेवायला लावले, कारण हे एकदा हाताने केलं की विसरत नाही.

लिटरचे किलो करायचे तर घनता हवी. पाण्याच्या एका लिटरचं वजन एक किलो, पण डायनोसॉर पाण्याइतका भरीव नव्हता. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्या हाडांतही शिरतात. लांब मानेच्या सौरोपॉडांच्या आणि टी-रेक्ससारख्या थेरोपॉडांच्या मणक्यांत तशाच पोकळ्या दिसतात. म्हणून टी-रेक्सला मी ०.९ धरते. ८,९६० गुणिले ०.९ म्हणजे ८ टनांच्या जरा वर. ०.८ धरली तर ७.२ टन, १ धरली तर ९ टन. आमच्या दुकानातल्या खेळण्याने घेराच्या सूत्राच्या इतकं जवळ यावं याचा मला फार आनंद झाला. पण हा आकडा त्या मूर्तिकाराने पोट किती मोठं केलं यावर आहे, हे विसरायचं नाही. धड रुंदीला आणि उंचीला दहा टक्के जाड केलं की आकारमान २१ टक्के वाढतं.

जिराफाटायटनचा इतिहास या एकाच गोष्टीने भरलेला आहे. कोल्बर्ट यांच्या गलेलठ्ठ प्रतिकृतीवरून ७८ टन. अलेक्झांडर यांच्या खेळण्यावरून, पाण्याइतकी घनता धरून, ४६.६ टन. २०१२ मध्ये विल्यम सेलर्स आणि सहकाऱ्यांनी सांगाड्याभोवती संगणकात ताणून कातडं बसवावं तसं आवरण बसवलं. आजच्या १४ सस्तन प्राण्यांवर तपासून ते किती वाढवायचं हे ठरवलं, तर ते निघालं सुमारे २१ टक्के. उत्तर २३.२ टन. बर्लिनमधल्या त्या हाडांचा एक ग्रॅमही कमी झालेला नाही, ७८ चे २३ झाले ते आपल्या हिशेबात. मला स्वतःला २३ हा आकडा जरा हलका वाटतो, आणि तिशीच्या आसपास खरं असावं असं वाटतं, कारण घेराची दोन्ही सूत्रं तिकडेच नेतात.

कोणता प्राणी, कोणत्या वयाचा

ही पायरी सगळे विसरतात. एका जातीचा एक सांगाडा म्हणजे ती जात नव्हे. तेंडागुरूलाच जिराफाटायटनचं एक सुटं पोटरीचं हाड सापडलं, १३४ सेंटिमीटरचं. उभ्या केलेल्या सांगाड्यातलं ११९ सेंटिमीटरचं आहे. लांबीत साधारण १३ टक्के जास्त, म्हणजे वजनात ४० टक्क्यांच्या वर. तेव्हा "जिराफाटायटन ३४ टनांचा" हे वाक्य अर्धवट आहे. बर्लिनमध्ये उभा असलेला तो एक ३४ टनांचा असेल, त्याच्या थोरल्या भावाचं वजन ४८ टनांपर्यंत जाऊ शकतं. ड्रेडनॉटसच्या हाडांवरून तर तो मेला तेव्हा अजून वाढतच होता असं दिसलं.

कधी कधी सांगाडा एकाचा नसतोच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतला बारापासॉरस बघायला मिळाला तर जरूर बघा. रवींद्रनाथांचं नाव लावलेला हा प्राणी गोदावरीच्या खोऱ्यात सापडला. हाडं जवळपास ३००, पण ती किमान सहा जणांची. सहा जणांच्या हाडांतून एक उभा करताना दंडाचं हाड एकाचं आणि मांडीचं दुसऱ्याचं असू शकतं. मग घेराची बेरीज कोणाची?

वहीत लिहिताना

एका प्राण्याला एक पान द्या. वर नाव आणि गाव. खाली, कोणती हाडं आहेत, कोणत्या नातेवाइकावरून बाकीचं भरलं, घेरावरून किती, धडावरून किती, घनता काय धरली, प्राणी पूर्ण वाढलेला होता का. शेवटी वजन लिहा ते "इतके ते इतके" असं. आम्ही एक नियम केला. हाडावर प्रत्यक्ष मोजलेलं पेनने, बाकी सगळं पेन्सिलने. पुढे नवीन हाड सापडलं तर पेन्सिल खोडता येते. पॅटागोटायटनचं पान असंच खोडलं. २०१४ मध्ये बातमी आली तेव्हा ७७ टन, २०१७ च्या निबंधात ६९ आणि २०२० मध्ये ५७.

रैयोलीला जाणार असाल तर दोरा आणि पट्टी बरोबर ठेवा. जीवाश्माला किंवा प्रतिकृतीला हात लावण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. आम्ही डिसेंबरात पुन्हा गेलो. येताना भाच्याने गाडीतच राजासॉरसचं पान भरलं. कवटीचा भाग, कंबर, मणके हे पेनने. लांबीपाशी आला तेव्हा मला पेन परत दिलं आणि पेन्सिल मागितली.